शापोऱ्याचा कोट आणि तीन पदवीधर

शापोरा नदी जेथे समुद्रास मिळते तेथे तिच्या दक्षिण तीरावरील टेकडीच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा जो कोट भग्न तटांनिशी आज उभा आहे, त्याच्या इतिहासात फिरंग्यांच्या तहनाम्यांइतकेच महत्त्व एका हिंदी चित्रपटास द्यावे लागते, ही गोष्ट दफ्तरखान्यात रमणाऱ्या इतिहासकारास रुचणारी नसली तरी नाकारता येण्याजोगी नाही. बार्देशची उत्तर सरहद्द राखण्यासाठी बांधलेला हा कोट ती सरहद्दच पुढे सरकल्यामुळे निकामी झाला. शिबंदी उठली, आतले सांत आंतोनचे चर्च नाहीसे झाले, आणि शंभरावर वर्षे गवताखेरीज तेथे कोणाचा अंमल उरला नाही. मग २००१ साली, महाविद्यालयाच्या पायऱ्या नुकत्याच उतरलेल्या तीन मुंबईकर तरुणांना एका नवशिक्या दिग्दर्शकाने त्याच्या तटावर आणून बसविले, आणि तेव्हापासून बाहेरून येणारा प्रवासी या स्थळाची चौकशी आदिलशहाच्या वा पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या नावाने न करता 'दिल चाहता है' या चित्रपटाच्या नावाने करू लागला. त्या चित्रपटाचे परीक्षकांनी जे स्वागत केले त्याचा इतिहास आजवर मुंबईत बसून लिहिला गेला आहे. समुद्राकडे तोंड करून तटावर बसलेल्या त्या तिघांच्या उजव्या हाताला, नदीच्या पलीकडे, जो पेडणे महाल पसरला आहे, तेथून हे स्वागत कसे दिसते, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

हा कोट मूळचा आदिलशाहीतला असे मानतात. १५४३ मध्ये बार्देश पोर्तुगीजांकडे गेला, परंतु नदीच्या उत्तरेचा पेडणे महाल विजापूरकरांकडे व पुढे वाडीकर सावंत-भोसल्यांकडे राहिला. त्यामुळे शापोऱ्याचे पात्र म्हणजे दोन राज्यांमधली हद्द, आणि त्याहून अधिक म्हणजे दोन धर्मव्यवस्थांमधली हद्द, असा प्रकार अडीचशे वर्षांच्या आसपास चालला. दक्षिणेकडे देवळे पडत होती तेव्हा उत्तरेकडच्या व पूर्वेकडच्या मुलखात देव आश्रयास जात होते. दिवाडीच्या सप्तकोटेश्वराचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. तो डिचोली महालातील नार्वे येथे नेला गेला आणि त्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवछत्रपतींनी करविला. अशा मुलखाकडे तोंड करून पोर्तुगीजांनी १६१७ मध्ये शापोऱ्याचा कोट नव्याने बांधून काढला, यात नवल नाही. १६८३-८४ च्या स्वारीत संभाजी महाराजांच्या फौजा बार्देशात उतरल्या तेव्हा हा कोट मराठ्यांच्या हाती आला. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर त्या काळात मराठ्यांच्या आश्रयाने डिचोलीस राहिला होता, आणि डिचोलीतील टेकडीवरचे नमाजगाह त्याचेच म्हणून दाखविले जाते. पोर्तुगीजांनी कोट परत मिळविला, १७१७ मध्ये त्याची डागडुजी केली, १७३९ मध्ये तो पुन्हा भोसल्यांकडे गेला आणि १७४१ मध्ये पुन्हा परत आला. एवढी देवघेव ज्याच्या नशिबी आली त्या कोटाची मातब्बरी तोवर शाबूत होती असे म्हटले पाहिजे.

ती गेली ती पराभवाने नव्हे, मालकाच्या विजयाने गेली. १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने पेडणे महालातला हळर्णचा किल्ला घेतला, आणि त्या पराक्रमाबद्दल पोर्तुगालच्या राजाने त्यास मार्केझ द आलोर्ना हा किताब दिला. आपल्या एका खेड्याच्या नावाने लिस्बनच्या दरबारात एक घराणे मिरवत राहिले, ही पेडणेकरांच्या वाट्यास आलेली विचित्र कीर्ती होय. तेरेखोलही त्याच साली गेले. १७८१ मध्ये डिचोली गेली, आणि १७८८ मध्ये वाडीच्या खेम सावंतांनी कोल्हापूरकरांविरुद्ध मदतीच्या आशेने पेडणे महाल पोर्तुगीजांस तोडून दिला. सरहद्द शापोऱ्यावरून तेरेखोलच्या खाडीवर गेली, आणि शापोऱ्याच्या कोटास राखावयास काही उरले नाही. १८९२ मध्ये तो रीतसर सोडून देण्यात आला. पेडणे ताब्यात आले म्हणून शापोरा ओस पडला, हा कार्यकारणभाव ज्यास कळला त्यास पुढील सारी कथा सोपी जाईल; कारण हा कोट पेडण्याकडे पाहण्यासाठीच बांधला गेला होता, आणि चित्रपटातील तिघे मात्र त्यावर बसून केवळ पश्चिमेकडे पाहतात.

नव्या काबिजादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या महालांत पोर्तुगीज आले तेव्हा त्यांचा धर्मोत्साह ओसरला होता. तेथील चालीरीतींस व देवस्थानांस हात न लावण्याचे अभिवचन देऊनच त्यांनी तेथला वसूल हाती घेतला. म्हणून पेडण्यास भगवतीची पुनव राहिली, डिचोलीचा नवा सोमवार राहिला, शिरगावची लईराईची जत्रा राहिली, आणि जत्रेच्या रात्री रंगणारा दशावतारही राहिला. मागे पडली ती विद्या. १८४२ मध्ये पणजीस वैद्यकशाळा आणि १८५४ मध्ये लिसेव निघाले खरे, परंतु त्यांची भाषा पोर्तुगीज, त्यांचा लाभ मुख्यतः जुन्या काबिजादीतील ख्रिस्ती घराण्यांस, आणि राज्यसत्तेचा कल हिंदू प्रजेविषयी दीर्घकाळ उपेक्षेचा. १९१० साली पोर्तुगालात राजा जाऊन प्रजासत्ताक आले तेव्हा हे बंध सैल झाले व गावोगाव मराठी शाळा उघडू लागल्या. तरी त्या शाळांतून बाहेर पडलेल्या मुलास पुढे जावयाचे असेल तर सरहद्द ओलांडून बेळगाव, धारवाड, कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई गाठणे भाग असे. डिचोलीत १८७७ मध्ये जन्मलेले वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, म्हणजे पुढचे शणै गोंयबाब, असेच मुंबईच्या वाटेला लागले. आणि मराठीच्या बालेकिल्ल्यात जन्मलेल्या या गृहस्थाने मुंबईत बसून कोकणीचा कैवार घेतला, यावरून परगावच्या शिक्षणाचे परिणाम कोणत्या दिशेने होतील याचा नेम नसतो, एवढे म्हणून तो वाद येथेच सोडतो.

पेडणे-डिचोलीच्या तरुणास घरच्या मुलखात पदवी मिळण्याची सोय गोव्याच्या मुक्तीनंतर झाली. १९६२ मध्ये पणजीस धेंपे आणि मडगावास चौगुले ही महाविद्यालये निघाली व ती मुंबई विद्यापीठास जोडली गेली. गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये सुरू झाले, तोपर्यंत गोमंतकीय पदवीधराच्या प्रमाणपत्रावर मुंबईचाच शिक्का असे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर १९११ मध्ये पेडण्यातच जन्मले होते, खाणमालक म्हणून पुढे आले होते, आणि खेडोपाडी प्राथमिक शाळा पोहोचविण्याचे त्यांचे कार्य हे त्यांच्या राजकारणाशी मतभेद असणारेही मान्य करतात. १६ जानेवारी १९६७ च्या जनमतकौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन होण्यास ३४,०२१ मतांनी नकार दिला, तरी पेडणे व डिचोली यांचा कौल विलीनीकरणाच्या बाजूचा होता, हेही ध्यानात ठेवावे. मुंबई ही या महालांना केवळ दूरचे शहर म्हणून माहीत नव्हती, पदवीचे, नोकरीचे, मराठी वृत्तपत्राचे व नाटकाचे ते माहेर होते. आज सांखळीस सरकारी महाविद्यालय आहे, डिचोलीस झांट्ये वाणिज्य महाविद्यालय आहे, आणि पेडणे तालुक्यात विर्नोड्यास संत सोहिरोबानाथ आंबिये यांच्या नावाचे सरकारी महाविद्यालय आहे. तेथून निघणारा तरुण आपल्या घराण्यातला पहिला पदवीधर असणे ही आजही अपूर्वाई नव्हे.

मुंबईहून मोटारीने गोव्यास येणाऱ्यास तेव्हाचा सतरा क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग धरावा लागे. बांद्याच्या पुढे पत्रादेवीच्या नाक्यावर तो गोव्यात शिरतो, मालपे, पेडणे, धारगळ करीत सारा पेडणे तालुका उभा कापतो, कोलवाळच्या पुलावर शापोरा ओलांडतो आणि मग म्हापशास पोहोचतो. म्हणजे चित्रपटातील ते तीन मित्र ज्या उघड्या टपाच्या मोटारीतून गाणे म्हणत गोव्यास निघतात, ती मोटार, कथेतील भूगोल खरा मानावयाचा तर, पत्रादेवीवरूनच गेली असली पाहिजे. या नाक्यावर १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. पंजाबातील इसडू गावचा पंचवीस वर्षांचा शिक्षक कर्नैलसिंग तेथे पडला, आणि मध्य प्रदेशातून आलेल्या, पुढे लोकसभेवर निवडून गेलेल्या सहोदराबाई राय तेथे जखमी झाल्या. पुण्यातील गोवा विमोचन सहायक समितीने उभ्या केलेल्या तुकड्यांत महाविद्यालयीन वयाचे तरुण किती होते हे त्या काळची मराठी वृत्तपत्रे चाळणाऱ्यास सांगावयास नको. त्यांनाही सीमेपलीकडचा गोवा पाहावयाचा होता.

या तुकड्यांची आठवण हिंदी चित्रपटाने एकदा ठेवली होती. ख्वाजा अहमद अब्बास यांचा 'सात हिंदुस्तानी' १९६९ मध्ये प्रदर्शित झाला. भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेले सहा पुरुष आणि मारिया नावाची एक गोमंतकीय स्त्री मुक्तिसंग्रामासाठी एकत्र येतात, अशी त्याची रचना. ज्या प्रांताचा नट त्या प्रांताची भूमिका त्यास द्यावयाची नाही असा अब्बास यांचा निश्चय होता, म्हणून बंगाली उत्पल दत्त पंजाबी झाले, केरळचे मधू बंगाली झाले, आणि जलाल आगा यांच्या वाट्यास पोवाडे गाणारा मराठी सखाराम शिंदे आला. अमिताभ बच्चन यांचा हा पहिला चित्रपट, आणि आज तो केवळ तेवढ्यासाठीच आठवला जातो. राष्ट्रीय एकात्मतेचा पुरस्कार त्यास मिळाला, कैफी आझमींना गीतलेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तिकीटविक्रीने त्याकडे पाठ फिरविली. सरकारने मान दिला व प्रेक्षकाने नाही, हे भाग्य पुढे गोव्यावरच्या अनेक गंभीर कलाकृतींच्या ललाटी लिहिले गेले.

आता 'दिल चाहता है'कडे वळू. फरहान अख्तर यांचा हा पहिला चित्रपट १० ऑगस्ट २००१ रोजी प्रदर्शित झाला. आकाश, समीर आणि सिद्धार्थ हे तीन मित्र. आमिर खान, सैफ अली खान आणि अक्षय खन्ना यांनी ते उभे केले. पदवी हाती आली आहे, पोटाची चिंता नाही, आणि पुढे काय करावयाचे याची कोणी सक्तीही करीत नाही, अशा अवस्थेत ते गोव्यास येतात. कोटाच्या तटावर बसून दरवर्षी येथे येण्याचा मनोदय बोलून दाखवितात, आणि त्यांच्यातला एक, सिद्धार्थ, पुढे आपल्या वाटा वेगळ्या होतील अशी शंका काढतो. ती शंका खरी ठरते. वयाने मोठ्या, घटस्फोटित, मद्याच्या आहारी गेलेल्या तारावर सिद्धार्थचे मन जडते, आकाश त्यावरून हीन विनोद करतो, आणि मैत्री मोडते. डिंपल कपाडियांची ही तारा हिंदी पडद्यास तोपर्यंत अपरिचित होती असे म्हटल्यास वावगे होणार नाही. आपल्या सोनाली कुलकर्णी यात समीरच्या पूजेच्या भूमिकेत आहेत. 'दोघी'मध्ये त्यांना पाहिलेल्या मराठी प्रेक्षकास त्या येथे थोड्या पाहुण्यासारख्या वाटल्या असतील, पण पाहुणी असून त्यांनी जागा अडविली नाही, हेही खरे.

परीक्षकांनी या चित्रपटाचे जे कौतुक केले ते मुख्यतः तीन गोष्टींचे होते, आणि तिन्ही बाबतींत त्यांचा निर्णय मला योग्य वाटतो. संवाद पुस्तकी नव्हते. तीन मित्र एकमेकांशी जसे बोलतात तसे, अर्धी वाक्ये टाकून, एकमेकांचे बोलणे तोडून, ते बोलत होते, आणि चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रण केल्यामुळे त्या बोलण्याचा श्वासही पडद्यावर आला. रवी के. चंद्रन यांच्या छायालेखनाने व श्रीकर प्रसाद यांच्या संकलनाने एक निवांत पण न रेंगाळणारी गती साधली. आणि नायक, खलनायक व विदूषक या ठरीव वाटणीऐवजी तिघांनाही सारखे वजन मिळाले. एकोणपन्नासाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत यास सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा मान मिळाला. फिल्मफेअरमध्ये परीक्षकांचा सर्वोत्कृष्ट चित्रपट, पटकथा, संकलन, अक्षय खन्ना यांना साहाय्यक अभिनेत्याचा आणि सैफ अली खान यांना विनोदी भूमिकेचा, असे पुरस्कार त्याने घेतले. संगीतकार शंकर-एहसान-लॉय यांचा खरा उदयही येथूनच मानतात. पुढील दोन दशकांत मित्रमंडळाच्या कथा सांगणारे जे हिंदी चित्रपट निघाले त्यांच्या प्रत्येक परीक्षणात याचे नाव मोजपट्टीसारखे येत राहिले.

मोठ्या शहरांत चित्रपट चालला, लहान गावांत व खेड्यांत तो तितका चालला नाही. याचे कारण परीक्षकांनी एका वाक्यात सांगून टाकले: पात्रे धनिक, राहणी शहरी, म्हणून ग्रामीण प्रेक्षकास ती आपली वाटली नाहीत. हे वाक्य पुढे इतक्या जणांनी उचलले की त्याचा पुरावा मागण्याची गरज कोणास भासली नाही. धनिक पात्रे ग्रामीण प्रेक्षकास परकी वाटतात हे खरे असते तर पन्नास वर्षांचा निम्मा हिंदी चित्रपट खेड्यात आपटला असता; जमीनदारांच्या हवेल्या, कारखानदारांचे दिवाणखाने आणि विलायतेतील बागा याच प्रेक्षकाने पदरचे पैसे मोडून पाहिल्या आहेत. त्याच वर्षी १५ जून रोजी 'लगान' आणि 'गदर' एकाच दिवशी आले व दोन्ही खेड्यापाड्यांत धो धो चालले. त्यांपैकी 'लगान' हा तर मित्रमंडळाचाच चित्रपट आहे: अकरा खेळाडू, प्रत्येकाचा स्वभाव निराळा, प्रत्येकाचे दुखणे निराळे, आणि नायक पुन्हा आमिर खानच. फरक श्रीमंतीचा नसून पणाचा आहे. 'लगान'मधल्या अकरा जणांनी पैजेवर तीन सालांचा सारा लावला आहे; 'दिल चाहता है'मधल्या तिघांनी काहीच लावलेले नाही, आणि हरले तरी त्यांच्या वडिलांचा धंदा शाबूत आहे.

पेडण्याच्या जत्रेत रात्र जागवून दशावतार पाहणारा प्रेक्षक घ्या. आड दशावतारातील गणपती, सरस्वती, संकासुर झाल्यावर मध्यरात्रीस आख्यान लागते. त्यास लिखित संहिता नसते; कथेचा सांगाडा ठरलेला, आणि संवाद राजाने, राक्षसाने, ऋषीने तेथल्या तेथे रचावयाचे. पायपेटी आणि मृदंग यांच्या साथीवर दोन नट शब्दाने शब्द वाढवीत जातात, आणि समोर घोंगडी पांघरून बसलेला म्हातारा कोणाचे उत्तर फसले ते शेजाऱ्याच्या कानात सांगतो. पहाटे दहिकाला फुटेपर्यंत ही परीक्षा चालते. संवाद स्वाभाविक आहे की घोकलेला, मंडळीतले नट एकमेकांना सांभाळून घेतात की खातात, हे ज्यास उभ्या जन्मात शेकडो रात्री जोखावे लागले त्या प्रेक्षकास फरहान अख्तर यांच्या चित्रपटाचे कसब कळले नसेल, असे मानणे म्हणजे परीक्षकाने आपल्या अज्ञानाचा भार दुसऱ्यावर टाकणे होय. कसब त्यास कळलेच असते. आळस कळला नसता. म्हणजे पदवी घेऊन तीन तरुण पोरांनी काहीही न करता हिंडावे आणि घरात कोणी चकार शब्द काढू नये, ही गोष्ट त्यास पुराणातल्या कोणत्याही राक्षसापेक्षा अविश्वसनीय वाटली असती.

परदेशांतील दोन चित्रपट येथे तुलनेस घेता येतील. फेडेरिको फेलिनी यांचा 'इ वितेलोनी' १९५३ चा. समुद्रकाठच्या एका लहानशा इटालियन गावात पाच तरुण बापाच्या जिवावर दिवस घालवितात, आणि अखेरीस मोराल्दो नावाचा एकजण आगगाडीत बसून गाव सोडतो. व्हेनिसच्या महोत्सवात यास रौप्य सिंह मिळाला व जगभरच्या परीक्षकांनी त्यास डोक्यावर घेतले. जोएल शूमाकर यांचा 'सेंट एल्मोज फायर' १९८५ चा. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातून बाहेर पडलेले सात मित्र नोकरी, लग्न व व्यसन यांत चाचपडतात. अमेरिकन परीक्षकांनी त्यास आत्ममग्न म्हणून झोडपले, त्यातील तरुण नटांच्या कंपूस एका नियतकालिकाने कुत्सित नाव दिले, आणि प्रेक्षकांनी मात्र तिकिटे काढली व त्यातले गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेले. आमच्याकडे उलट झाले: ज्या आत्ममग्नतेबद्दल तिकडे फटके मिळाले तिचीच येथे ताजेपणा म्हणून वाखाणणी झाली. यात लबाडी नव्हती. आमच्या परीक्षकास वर्षानुवर्षे बदला, बलिदान आणि घराण्याची अब्रू एवढेच पाहावे लागले होते. काही विशेष न घडणारी एक दुपार त्यास पडद्यावर दिसली आणि तो सुखावला. फेलिनींच्या चित्रपटाशी मात्र या चित्रपटाचे अंतर मोठे आहे. मोराल्दो समुद्रकाठचे आपले गाव सोडून शहराकडे जातो. हे तिघे शहर सोडून दुसऱ्याच्या समुद्रकाठी येतात. पेडण्याचा वा डिचोलीचा पदवीधर मोराल्दोच्या जातीचा आहे, आणि त्याच्यावर हिंदी चित्रपट अद्याप निघालेला नाही.

परीक्षकांच्या नजरेतून एक गोष्ट साफ निसटली. या चित्रपटात गोवा आहे, पण लक्षात राहावा असा गोमंतकीय नाही. 'बॉबी'त निदान जॅक ब्रागांझा होता, मग तो कितीही रंगवून काढलेला असो. 'एक दुजे के लिए'मध्ये निदान दोन कुटुंबांचे शेजारपण होते. येथे समीरला लुबाडणारी एक परदेशी तरुणी आहे, किनारा आहे, कोट आहे आणि समुद्र आहे. कोटाखालच्या धक्क्यावर मासळी उतरविणारा, पलीकडच्या मोरजीचा शेतकरी, शिवोलीहून चोपड्यास फेरीबोटीने जाणारा कारकून, यांपैकी कोणी चौकटीत शिरत नाही. चित्रपटाने गोवा दाखविलाच पाहिजे असे बंधन नव्हते, हे मान्य. दिग्दर्शकास तीन मित्र दाखवावयाचे होते आणि ते त्याने उत्तम दाखविले. माझी तक्रार परीक्षकांविषयी आहे, की 'आजचा भारतीय तरुण प्रथमच पडद्यावर आला' अशा थाटात लिहिताना त्यांनी त्या तरुणाच्या पाठीमागच्या जमिनीकडे एकदाही पाहिले नाही. मराठीत सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरून संजय जाधव यांनी २०१३ मध्ये काढलेली 'दुनियादारी' कारागिरीत 'दिल चाहता है'च्या जवळपासही नाही, मेलोड्रामाचा तिच्यात सुकाळ आहे, पण तिच्यातला कट्टा कोणत्या शहरातला, त्यावर बसणारी पोरे कोणत्या घरची, हे विचारावे लागत नाही. आणि ती शहराइतकीच तालुक्याच्या गावीही चालली.

चित्रपटाच्या मागून कोटावर माणसे येऊ लागली. तीन-तीनच्या टोळ्यांनी येऊन, ज्या तटावर ते तिघे बसले त्याच तटावर बसून छायाचित्र काढून घेण्याचा जो प्रघात पडला तो पंचवीस वर्षे होत आली तरी मोडलेला नाही. जांभा दगड पायांनी झिजतो, तटाच्या कडा ढासळतात. कोट राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत आहे, पण यादीत असणे आणि रखवाली होणे यांत अंतर असते. कोटाचा इतिहास सांगणारे जाणकार थोडे, आणि ऐकणारे त्याहून थोडे. संभाजीराजांचे नाव ऐकून थबकणारा महाराष्ट्रातला एखादा प्रवासी भेटतो, नाही असे नाही. परंतु १७८८ च्या पेडण्याच्या हस्तांतराने हा कोट मेला, हे त्याच्याही गावी नसते.

चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा गोव्याच्या मुख्यमंत्रिपदी मनोहर पर्रीकर होते, मुंबईच्या आय.आय.टी.चे पदवीधर, म्हणजे शिकण्यासाठी मुंबईस जाऊन परत आलेल्या गोमंतकीय तरुणांच्या दीर्घ परंपरेतले. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीस भरू लागला तो त्यांच्याच कारकिर्दीत, आणि त्यासाठी आयनॉक्सची चित्रपटगृहे उभी राहिली ती जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात. १८४२ पासून ज्या जागी गोव्याचे वैद्य तयार झाले तेथे आता नोव्हेंबरमध्ये देशोदेशींचे परीक्षक चित्रपटांचे मूल्यमापन करतात. त्यांपैकी एखाद्याने डिसेंबरात मुक्काम वाढवून पेडणे तालुक्यातल्या कोणत्याही जत्रेत एक रात्र दशावतार पाहावा अशी माझी सूचना आहे. ग्रामीण प्रेक्षकाविषयी लिहिण्याचा अधिकार त्यानंतर त्यास खुशाल द्यावा.

पर्रीकरांच्या नावाचा विमानतळ पेडणे तालुक्यात मोपा येथे झाला. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि जानेवारी २०२३ पासून तेथे विमाने उतरू लागली. शहरांतून तटावर बसण्यासाठी येणाऱ्या तरुण पदवीधरांपैकी अनेक आता पेडण्यातच पहिले पाऊल टाकतात, आणि मोटारीत बसून धारगळ, कोलवाळ करीत दक्षिणेस नदीपार निघून जातात. पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक विमानतळापासून थोड्याच अंतरावर आहे. कोटाच्या वाटेच्या उलट दिशेस, उत्तरेकडे, वळल्यास ते लागते.